अडीच तासांची सुट्टी, शंभर तासांचे गेम

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम मला कंटाळवाणा वाटतो. 'एल्डन रिंग' मला उद्धट वाटतो. आणि गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात तयार झालेला सगळ्यात मोलाचा गेम कुठला असं कुणी विचारलं, तर मी 'लुडो किंग' म्हणेन.

घ्या, एका परिच्छेदात तिन्ही पापं करून झाली. पहिला गेम २०१८ चा, मेटाक्रिटिकवर ९७ गुण. दुसरा २०२२ चा, ९६ गुण. तिसऱ्याला गेम म्हणायलाच लोक तयार नाहीत. ऑफिसातली आमची तरुण पोरं हे ऐकलं की माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू मी हापूसपेक्षा तोतापुरी बरा म्हटलं. पण मी हे मुद्दाम कुरापत काढायची म्हणून म्हणत नाही. माझ्याकडे एक फूटपट्टी आहे, ती इथेच मिळाली, आणि ती लावली की समीक्षकांची सगळी यादी वर-खाली होते.

ही फूटपट्टी म्हणजे दुपारची सुट्टी. हमरिया फ्री झोन म्हणजे शारजाचा समुद्राकाठचा तुकडा, अजमान आणि उम्म अल क्वैन यांच्या मधला. १९९५ साली फ्री झोन झाला. खोल पाण्याचं स्वतःचं बंदर असल्यामुळे इथे जड फॅब्रिकेशनची यार्ड्स आली, आणि त्या यार्डांत आपल्यासारखे लोक आले. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. त्या वेळात वेल्डर, फिटर, रिगर सगळे सावलीला येतात. बहुतेक जण जेवून चक्क आडवे होतात. काही घरी फोन लावतात. आणि उरलेले मोबाईलवर खेळतात.

अडीच तास. त्यातले जेवण, नमाज, हातपाय धुणं, डुलकी वजा करा. जे काही उरतं तेवढी त्या माणसाची दिवसातली स्वतःची मालमत्ता. रात्री कॅम्पवर पोचेपर्यंत अंगात त्राण नसतं. तर माझा साधा प्रश्न असा की हा गेम त्या सावलीत बसलेल्या माणसाच्या उपयोगाचा आहे का? नसेल, तर त्याला किती गुण मिळाले याच्याशी मला कर्तव्य नाही. आणि 'तो कुठे गेमर आहे?' असं म्हणणाऱ्यांशी तर माझं खरं भांडण आहे. जगात गेम खेळणाऱ्यांत खोलीचं दार बंद करून मोठ्या पडद्यासमोर बसणारा माणूस अल्पसंख्य आहे. बाकीचे सगळे जिन्यात, बसमध्ये, बंकवर आणि क्रेनच्या सावलीत खेळतात.

मत पहिलं : तास म्हणजे गुणवत्ता नव्हे.

गेमची तारीफ करताना लोक पहिला आकडा तासांचा सांगतात. 'शंभर तासांचा कंटेंट आहे!' आमच्या धंद्यात फॅब्रिकेशनचं काम टनावर घेतात, टनामागे इतका दर. आता ज्याला टनावर पैसे मिळतात त्याला पोलाद कमी वापरण्याची काय घाई? म्हणून डिझाईन करणारा वेगळा असतो आणि टनावर बिल लावणारा वेगळा. तोच भार कमी वजनात पेलून दाखवणाऱ्याला आम्ही चांगला डिझायनर म्हणतो. समुद्रात उभ्या करायच्या जॅकेटचं वजन उगाच वाढलं की बार्ज मोठा, क्रेन मोठी, खर्च मोठा. मोठ्या गेम कंपन्यांत मात्र डिझाईन करणारा आणि टनावर बिल लावणारा एकच. मग 'असॅसिन्स क्रीड व्हल्हाला' (२०२०) सारखा गेम होतो, ज्याची मुख्य गोष्ट संपवायलाच पन्नास-साठ तास लागतात. नकाशा म्हणाल तर पिवळ्या-निळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेला.

त्याच मालिकेत २०२३ साली 'मिराज' आला. नवव्या शतकातलं बगदाद, पंधरा-वीस तासांत गोष्ट पूर्ण, शिवाय अख्खा गेम अरबीत ऐकायची सोय. समीक्षकांनी याला आधीच्या भागांपेक्षा कमी गुण दिले, काहींची तक्रार काय तर छोटा आहे! माझ्या मते 'मिराज' हा त्या मालिकेतला गेल्या दशकातला सगळ्यात शहाणा गेम आहे, कारण आपल्याला किती सांगायचंय ते त्याला ठाऊक आहे.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो : 'अहो पण २५० दिरहमना शंभर तास, म्हणजे तासाला अडीच दिरहम. स्वस्तच की!' हा हिशेब फक्त ज्याचा तास फुकट आहे त्याचा. अमिरातीच्या कामगार कायद्यात जादा तासाला मूळ वेतनावर २५ टक्के अधिक मिळतात, रात्री दहा ते पहाटे चार असेल तर ५० टक्के. म्हणजे इथल्या हेल्परलासुद्धा आपल्या एका तासाची किंमत पै-पैशांत पाठ असते. त्याला शंभर तास मागणारा गेम स्वस्त कसा? त्याच्या दृष्टीने जगातला सगळ्यात महाग गेम तोच. २००७ चा 'पोर्टल' तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एकही खोली फालतू नाही. पोलाद वाचवणं म्हणतात ते हे.

मत दुसरं : खरेपणा म्हणजे दुसरी शिफ्ट.

'रेड डेड' मध्ये घोड्याला खरारा करावा लागतो, चारा घालावा लागतो. बंदुकीला तेल द्यावं लागतं. दाढी वाढते, ती करावी लागते. हरीण मारलं की त्याचं कातडं काढण्याचा सगळा प्रकार बघत थांबावं लागतं, मग ते उचलून घोड्यावर टाकायचं. केवढा हा बारकावा, असं म्हणत लोक डोलतात. बारकावा आहेच, नाकारत नाही. त्यातल्या संध्याकाळच्या उजेडाला तोड नाही हेही कबूल. पण ज्या माणसाने दिवसभर ग्राइंडर साफ केला, केबल गुंडाळून ठेवल्या, हार्नेस तपासला आणि टाईमशीट भरली, त्याला रात्री पुन्हा हत्यारं साफ करायला बसवणं ही कलाकृती नसून ओव्हरटाईम आहे, तोही बिनपगारी. अवजारांची निगा राखण्यातला काव्यात्म आनंद ज्यांना अवजारांची निगा राखावी लागत नाही त्यांनाच होतो. हे मी पैजेवर सांगतो.

मत तिसरं : ज्याला थांबवता येत नाही तो गेम उद्धट.

'एल्डन रिंग' मध्ये साधं पॉझचं बटण नाही. एकटे खेळत असलात, इंटरनेट बंद असलं, तरी नाही. भक्त म्हणतात की त्यातच ताण आहे, त्यातच मजा आहे. असेलही. पण घरून फोन आला, पोराने हाक मारली, खोलीतल्या माणसाला दिवा बंद करून झोपायचंय, तर या गेमला त्याचं काही देणंघेणं नाही. स्वतंत्र खोली आणि बंद दार या दोन गोष्टी गृहीत धरून तो बनवलाय. एका खोलीत सहा-आठ जण राहतात तिथे पॉझ म्हणजे सभ्यता. कठीण गेमबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कठीण असणं आणि दुसऱ्याच्या आयुष्याची कदर नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गेली दहा-बारा वर्षं समीक्षक त्यांची सर्रास गल्लत करताहेत.

मत चौथं : 'लुडो किंग' हा मोठा गेम आहे.

आता खरे हसाल. हसा. हा गेम नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ साली काढला. गेमर मंडळींचं मत ठरलेलं : त्यात कौशल्य नाही, सगळा फाशांचा खेळ. अहो, तेच तर त्याचं बळ! कौशल्याच्या गेममध्ये बाप आणि आठ वर्षांची लेक समोरासमोर बसले तर दोन मिनिटांत निकाल लागतो, आणि हल्लीच्या पिढीत हरतो तो बाप. फाशाला वय कळत नाही, शिक्षण कळत नाही, हुद्दाही कळत नाही. आमच्या यार्डात एका फोनवर चार जण खेळताना मी रोज बघतो. एक खेडचा फिटर, एक केरळचा, एक बांगलादेशचा, एक पेशावरकडचा. चौघांची भाषा मिळून एक वाक्य धड होत नाही, पण सोंगटी मारली की चौघांनाही कळतं. मधूनच एखादा इंजिनिअर डोकावतो, तर खेडचा फिटर म्हणतो, "साहेब, बसा की, हिरवी सोंगटी तुमची." साहेबाची सोंगटी मारण्याचा परवाना दुनियेत दुसरीकडे कुठे मिळतो, सांगा.

मुळात हा आपल्या पचिसीचाच नातू. पचिसी इंग्लंडला गेली, १८९६ च्या सुमारास तिथे लुडो नावाने पेटंट झाली, आणि मग पुठ्ठ्याच्या डब्यातून आपल्याकडे परत आली. नवी मुंबईने तिला फोनमध्ये बसवलं, एवढंच. पण ते अशा वेळी बसवलं की उपयोगी पडलं. २०२० च्या मार्चमध्ये भारत-अमिराती विमानं थांबली. लोकांना परत नेणारी पहिली विमानं अबू धाबी आणि दुबईहून निघाली ती ७ मे रोजी, आणि तीही केरळला. मधल्या काळात कॅम्पातला माणूस आणि त्याचं गाव यांच्यामध्ये फक्त फोन होता. त्यातही व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जायचे, पण त्यावरून कॉल लावायची सोय इथे वर्षानुवर्षं बंद ठेवलेली. त्या दिवसांत कित्येक बाप आपल्या पोरांबरोबर एका पटावर बसले ते लुडोच्या पटावर. बोलायला विषय नसतो हो रोज रोज. "जेवलास का", "जेवलो" यानंतर काय? पण डाव टाकला की अर्धा तास सोबत होते. चमकदार गेम समीक्षकांच्या यादीत कितीही वर असोत, हे काम त्यांतल्या एकानेही केलेलं नाही.

हो, त्यात जाहिरातींचा मारा आहे, नाण्यांचा आणि रोजच्या बक्षिसांचा चावटपणाही आहे. पण डेटा बंद करून एका फोनवर चौघं खेळलात की तोही जवळपास गळतो. विमान मोड हा त्या गेमवरचा उतारा आहे :-)

मत पाचवं : जुने गेम चांगले नव्हते.

आमच्या पिढीचं हे लाडकं मत. 'आमच्या वेळचा मुस्तफा!' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३ चा. गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्यातल्या एका पात्राच्या नावाने तो 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला जायचा. लोक त्याच्या आठवणीने गहिवरतात. पण इंजिनिअर म्हणून त्याच्याकडे बघा. ते यंत्र नाणी गोळा करायला बनवलेलं होतं. तुम्ही दोन-तीन मिनिटांत मरावं आणि आणखी एक नाणं टाकावं, यासाठी शत्रू तसे पेरलेले. घरी टीव्हीला जोडायचे ते डबे आणखी पुढचे. कार्ट्रिजवर '९९९९ गेम एकात' असं छापलेलं, आणि आत तेच पंचवीस-तीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा.

मग आठवण कसली येते? पार्लरमध्ये मागे उभ्या असलेल्या चार टाळक्यांची. "अरे उजवीकडे बघ, मागून आला!" असं ओरडणाऱ्यांची. म्हणजे परत आपण त्याच मुद्द्यावर आलो. गेम कसा होता याला महत्त्व नव्हतंच, शेजारी कोण होतं याला होतं. आणि ज्यांना हे स्वतःच्या लहानपणाबद्दल इतकं नीट कळतं, त्यांनी फोनभोवती जमलेल्या चार कामगारांना 'टाईमपास' म्हणावं याचा मला राग येतो.

मत सहावं : बंदूक निरुपद्रवी, मस्टर घातक.

२ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पबजी मोबाईलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. सरकारने कारण दिलं देशाच्या सुरक्षिततेचं, पण घरोघरी आयांना वाटलं की मुलं हिंसक होतात म्हणून देवाने ऐकलं. पुढच्या वर्षी तोच गेम नवं नाव लावून परत आला. माझ्या मते यात बंदुकीला उगाच दोष मिळाला. गोळ्या झाडणाऱ्या गेमने आमच्या कॅम्पात कुणी कुणाला मारल्याचं मी पाहिलं नाही. पण रोज हजेरी लावायला लावणाऱ्या गेमने माणसाची झोप खाल्लेली मात्र रोज दिसते. सलग सात दिवस या, बक्षीस घ्या. एक दिवस चुकलात, साखळी तुटली. हा सीझन संपायच्या आत इतकी कामं करा, नाहीतर गेलं. अहो, हे मस्टर आहे! गेटवर अंगठा लावून आलेला माणूस बंकवर पडल्या पडल्या दुसऱ्या मालकाकडे अंगठा लावतो, आणि हा मालक वर पैसेही मागतो. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं, ते बरोबरच केलं.

आणि उघड जुगाराबद्दल तर काय बोलावं. आमच्या यार्डातल्या एका फोरमनने घराच्या स्लॅबसाठी गावी पाठवलेले पैसे धाकट्या भावाने रमीच्या अ‍ॅपमध्ये घालवले. इथे उन्हात मिळवलेलं तिथे पंख्याखाली बसून गेलं. २०२५ च्या जुलैत राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेलं घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं, आणि मिळालं कुठलं? क्रीडा! विनोद लिहायची सोयच ठेवली नाही राव. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. गेमिंग उद्योगाचा गळा घोटला म्हणून पुष्कळ ओरड झाली. मी ओरडणाऱ्यांत नाही. स्लॅबचे पैसे खाणाऱ्या उद्योगाला गेमिंग उद्योग म्हणणं हा गेम बनवणाऱ्यांचाच अपमान आहे.

मत सातवं आणि शेवटचं : छोटं लिहा, आपलं लिहा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. आपल्या हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पाठीशी दुर्गा, राजस्थानी वळणाचे वाडे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. परदेशी समीक्षक म्हणाले सुंदर आहे पण फार छोटा. आपले लोक म्हणाले भारतीय आहे म्हणून थोर. मला दोन्ही मतं पटत नाहीत. छोटा आहे हा त्याचा गुणच. आणि भारतीय आहे म्हणून पाठ थोपटायची तर हेही विचारा की तो हिंदीत बोलायला २०२२ ची सुधारित आवृत्ती का यावी लागली?

टोरांटोच्या विसाई गेम्सचा 'वेन्बा' (२०२३) बघा. तमिळनाडूतून कॅनडात गेलेलं जोडपं, आईच्या पाककृतींची फाटकी-डागाळलेली वही, आणि हळूहळू तमिळ विसरत चाललेला मुलगा. खेळायचं काय, तर पुसलेल्या अक्षरांचा अंदाज घेत इडली, पुट्टू, बिर्याणी करायची. दीड तासात खेळ खलास. 'एवढाच?' म्हणून कुरकुर झाली, तरी २०२४ चा पहिल्या गेमसाठीचा बाफ्टा त्याने नेला. परदेशी राहणाऱ्या माणसाबद्दल त्या दीड तासात जे सांगितलंय ते शंभर तासांच्या घोडेस्वारीत नाही. आणि हो, ते एका दुपारच्या सुट्टीत मावतं.

पुण्यात आणि नवी मुंबईत गेम बनवणारी हुशार मंडळी आहेत, हे सिद्ध झालंय. त्यांच्याकडे माझी मागणी इतकीच. तुमच्या पुढच्या गेमचा नकाशा किती चौरस किलोमीटरचा आहे ते मला सांगू नका. तो मराठीत बोलतो का, मधेच थांबवता येतो का, शेजारच्याला खेळात घेता येतं का, आणि उद्या आलो नाही तर रुसतो का, तेवढं सांगा. या चारांची उत्तरं नीट असतील, तर समीक्षकांनी साठ गुण दिले तरी मी पैसे देऊन घेईन. आणि साडेबारा ते तीनच्या सावलीत तो शिकवायचं काम माझं.